लाट गिळणारी भिंत

गारा वेचल्या आहेस कधी? पत्र्यावर ताडताड आवाज, अंगणात पांढराशुभ्र सडा आणि घरातून हाक, "आधी आत ये बघू!" तरी एखादी गार मुठीत लपवून पळायचंच!

गंमत आपली होते, पण शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. घरातल्या मोठ्यांना २०१४ सालचं विचार. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात भयंकर गारपीट झाली. बीड जिल्ह्यालाही तिने झोडपलं. उभी पिकं आडवी झाली!

आता सांग बरं, ढगात नुसतं पाणी आहे की गाराही आहेत, हे गारा पडायच्या आधी कसं कळणार? शिडी लावून तर वर जाता येत नाही!

रडारला कळतं!

रडार काय करतं, ठाऊक आहे? आकाशात लहरी सोडतं. ढगातले थेंब आणि गारा त्या लहरींना अडवतात आणि उधळून देतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे! त्यातला एक चिमूटभर हिस्सा रडारकडे परत येतो. हा झाला प्रतिध्वनी. तेवढ्यावरून रडार ढगाच्या पोटातलं ओळखतं!

लहरी अशा इकडेतिकडे उधळल्या जातात ना, त्यालाच म्हणतात विखुरणं. हा शब्द लक्षात ठेव. आजची सगळी गंमत त्यातच आहे!

या लहरींचं नाव मात्र भारी भक्कम आहे. विद्युतचुंबकीय लहरी! घाबरू नकोस. तुझी त्यांच्याशी रोजची ओळख आहे. सूर्याचा उजेड, मोबाईलचा सिग्नल, रेडिओवरच्या बातम्या आणणाऱ्या लहरी आणि रडारच्या लहरी ही सगळी सख्खी भावंडं! फरक आहे तो लांबीचा. उजेडाच्या लहरी इतक्या चिमुकल्या की एका मिलिमीटरमध्ये सुमारे २,००० मावतात! आणि पाऊस बघणाऱ्या 'सी-बँड' रडारची लहर? साधारण ५ सेंटिमीटरची. जवळजवळ तुझ्या करंगळीएवढी!

आणि धावतात किती? सेकंदाला ३ लाख किलोमीटर!

पुण्यात आयआयटीएम नावाची संस्था आहे. पूर्ण नाव भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. ढगांचा अभ्यास करण्यासाठी या संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरला मोठा प्रयोग केला. तिथे असंच सी-बँड रडार बसवलं. सोलापूरहून बीड सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटर. एसटीने निघालं तर अर्धा दिवस मोडतो. रडारची लहर बीडवरच्या ढगापर्यंत जाऊन परत सोलापूरला किती वेळात येईल? ओळख!

एका सेकंदाच्या हजाराव्या भागात! पापणी लवायच्या कितीतरी आधी!

आता याहून मोठी गंमत ऐक. एक थेंब १ मिलिमीटरचा. दुसरा २ मिलिमीटरचा. दुसरा दुप्पट जाड आहे. मग त्याचा प्रतिध्वनी किती पट मोठा? दोन पट? चार पट? आठ पट?

चौसष्ट पट! २ × २ × २ × २ × २ × २. सहा वेळा गुणायचं! आणि ३ मिलिमीटरचा थेंब असेल तर? ७२९ पट! म्हणजे एकटा जाडोबा थेंब ७२९ बारक्या थेंबांच्या बरोबरीचा!

पण थांब. हा नियम लहरीपेक्षा खूप लहान असलेल्या थेंबांचा आहे. लिंबाएवढ्या गारेला तो लागू पडत नाही. कारण आता गार आणि लहर जवळजवळ एकाच मापाच्या झाल्या!

शिवाय आकाराचाही घोळ आहे. पावसाच्या थेंबाचं चित्र काढ बघू. वर टोक आणि खाली गोल, असंच काढलंस ना? थेंब तसा नसतोच मुळी! छोटा थेंब चेंडूसारखा गोल असतो. मोठा थेंब पडताना खालून हवा त्याला दाबते, म्हणून तो चपटा होतो. नवी रडारं दोन तऱ्हेच्या लहरी सोडतात, एक आडवी आणि एक उभी. चपट्या थेंबाकडून आडवी लहर जास्त जोरात परत येते. गार मात्र गडगडत, गिरक्या घेत पडते. तिच्याकडून दोन्ही जवळपास सारख्याच येतात. रडार म्हणतं, "हं, सापडली! ही तर गार!"

मग कुठल्या आकाराची वस्तू लहर कशी विखुरते, हे आधी माहीत हवं ना? जर्मनीतल्या गुस्ताव मी नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ मध्येच हे गणित कागदावर सोडवलं. पण कशाचं? अगदी गोल चेंडूचं! गार कुठे इतकी शहाणी असते? तिला टेंगळं असतात. खळगे असतात. आत बर्फाचे थर असतात. वितळू लागली की वरून ओलीही होते. अशा वेड्यावाकड्या गारेला कागदावरचं सूत्र कसं पुरणार?

मग शास्त्रज्ञ म्हणाले, गार कॉम्प्युटरमध्येच बनवू. लहरही तिथेच सोडू. आणि काय होतं ते बघू!

कल्पना झकास होती. पण लगेच एक पंचाईत झाली. कसली? ती बघायला बीडला जाऊ. चल!

बीड शहरात कंकालेश्वराचं प्राचीन मंदिर आहे. आणि ते कुठे उभं आहे माहीत आहे? पाण्यात! चारी बाजूंनी कुंड आणि मधोमध मंदिर! आता त्या पाण्यात एक खडा टाक. मनातल्या मनात हं, खरोखर नाही!

डुबुक! लाट निघाली. गोल गोल पसरत मंदिराच्या भिंतीला भिडली आणि तिथून विखुरली. आपल्याला नेमकं हेच बघायचं आहे. मंदिर म्हणजे आपली गार. पाण्याची लाट म्हणजे रडारची लहर.

पण पुढे काय होतं? विखुरलेली लाट कुंडाच्या काठावर जाऊन आपटते आणि उलटी फिरते! परत मंदिराकडे, परत काठाकडे. थोड्या वेळात सगळ्या पाण्यावर लाटाच लाटा. आता यातली मंदिराने उधळलेली कुठली आणि काठाने परतवलेली कुठली? सांगता येईल? छे!

खऱ्या आकाशाला काठच नाही. गारेवरून निघालेली लहर जी जाते ती जातेच. कॉम्प्युटरमध्ये मात्र एवढं मोठं आकाश मावत नाही. तिथे असते एक छोटीशी पेटी. पेटी म्हटली की भिंती आल्या. भिंती आल्या की लहर आपटणार. आणि आपटली की परत येणार! जिथे काहीच नाही तिथून आलेला हा खोटा प्रतिध्वनी. भुताटकीच म्हण ना!

ही भुताटकी तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे? कॉम्प्युटर नको. गणिताची चौकटींची वही आण. पेन्सिल आण. बेरीज-वजाबाकी येते ना? झालं तर!

शेजारी शेजारी सहा घरं घे. प्रत्येक घरात एक आकडा लिहायचा. ० म्हणजे पाणी शांत. १ म्हणजे लाट वर आली. उणे १ म्हणजे लाट खाली गेली. पहिल्या दोन ओळी मी देतो.

ओळ पहिली: ०, १, ०, ०, ०, ०
ओळ दुसरी: ०, ०, १, ०, ०, ०

पुढची ओळ तयार करायचा नियम एकच आहे. कुठल्याही घराचा नवा आकडा हवा असेल, तर वरच्या ओळीतल्या डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याची बेरीज कर. त्यातून त्याच घराचा दोन ओळी आधीचा आकडा वजा कर. पहिलं आणि शेवटचं घर म्हणजे भिंत. तिथे नेहमी ०.

करून बघ. चौथ्या घराचा डावा शेजारी १, उजवा ०. बेरीज १. दोन ओळी आधी तिथे ०. म्हणून उत्तर १. दुसऱ्या घराचं बघ. डावा शेजारी ०, उजवा १. बेरीज १. पण दोन ओळी आधी तिथे १ होता. १ वजा १, म्हणजे ०!

ओळ तिसरी: ०, ०, ०, १, ०, ०
ओळ चौथी: ०, ०, ०, ०, १, ०

पाहिलंस? १ चालायला लागला! दर ओळीला एक घर पुढे! तुझ्या वहीत लाट धावते आहे!

आता ती भिंतीला टेकली. पाचवी ओळ काढ.

ओळ पाचवी: ०, ०, ०, ०, ०, ०

अरेच्चा, लाट गेली कुठे? सगळी शून्यं! संपली? इतक्यात वही मिटू नकोस. सहावी ओळ काढ. पाचव्या घराचे दोन्ही शेजारी ०. पण दोन ओळी आधी तिथे १ होता. ० वजा १ म्हणजे...

ओळ सहावी: ०, ०, ०, ०, उणे १, ०
ओळ सातवी: ०, ०, ०, उणे १, ०, ०

बाप रे! शून्यातून लाट परत आली! आणि येताना उलटी होऊन आली! हीच ती भुताटकी.

तिला पळवून लावायचं? सोपं आहे. चौथ्या ओळीपाशी परत जा. शेवटच्या घराचा नियम तेवढा बदल. तिथे भिंत नको. शेवटच्या घराने आपल्या शेजारच्या पाचव्या घराचा वरच्या ओळीतला आकडा उतरवून घ्यायचा. नुसती नक्कल! परीक्षेत चालत नाही, इथे चालते!

ओळ पाचवी: ०, ०, ०, ०, ०, १
ओळ सहावी: ०, ०, ०, ०, ०, ०
ओळ सातवी: ०, ०, ०, ०, ०, ०

पुढे शंभर ओळी काढ. हजार काढ. शून्यच! लाट वहीबाहेर निघून गेली. परत आलीच नाही!

खरे शास्त्रज्ञ याच जातीचा खेळ खेळतात. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या केन यी नावाच्या गणितज्ञाने तो मांडला. त्यांनी सगळी पेटी चिमुकल्या घरांत वाटली. प्रत्येक घरात सहा आकडे. तीन विजेचे, तीन चुंबकाचे. लहरीत हे दोघं जोडीनेच असतात. वीज बदलली की चुंबक बदलतं, चुंबक बदललं की वीज बदलते. म्हणून कॉम्प्युटर आळीपाळीने मोजतो. आधी विजेचे आकडे, मग चुंबकाचे, पुन्हा विजेचे. आणि आकाश केवढं का असेना, प्रत्येक घर फक्त शेजाऱ्यांकडेच बघतं! तुझ्या वहीतल्या घरांनीही तेच केलं ना?

हे सगळं चालतं कसल्या वेगाने? घर १ मिलिमीटरचं असेल, तर लहर ते ओलांडायला एका सेकंदाच्या ३०,००० कोटी भागांपैकी एक भाग घेते! कॉम्प्युटरला त्याहूनही लहान पावलं टाकावी लागतात. नाहीतर लहर घर चुकवून पुढे उडी मारेल आणि सगळे आकडे भरकटतील!

बरं, मग काठावर नक्कल केली की काम फत्ते? नाही ना! वहीत लाट सरळ भिंतीकडे जात होती. पेटीत ती तिरकी येते. कंकालेश्वराच्या कुंडातली लाट कशी कुठल्याही बाजूने काठाला भिडते, तशी! तिरक्या लाटेला नुसती नक्कल पुरत नाही. थोडी लाट उरतेच आणि परत फिरते. १९८१ मध्ये नेदरलँड्सच्या गेरिट मूर यांनी काठाचे नियम पुष्कळ सुधारले. भुताटकी कमी झाली, पण पुरती गेली नाही.

मग १९९४ उजाडलं. फ्रान्सचे जाँ-पिएर बेराँजे म्हणाले, काठावर लाट पुसत बसूच नका. काठाच्या आधीच तिला दमवा!

पुन्हा त्या कुंडाची कल्पना कर. समज, दगडी काठाच्या आत चारी बाजूंनी पाणकणसं उगवली आहेत. लाट त्यांच्यात शिरली की तिची ताकद कमी कमी होत जाणार. पण पाणकणसं एकदम दाट असली तर? लाटेला तीच भिंत वाटेल आणि ती तिथूनच मागे फिरेल! म्हणून सुरुवातीला अगदी विरळ. मग थोडी दाट. मग आणखी दाट. लाटेला कळतही नाही आपण कधी आत शिरलो!

बेराँजे यांनी कॉम्प्युटरच्या पेटीला असाच एक थर आतून लावला. त्याचं नाव पीएमएल. पेटीतल्या मोकळ्या जागेशी तो असा जुळवलेला, की त्याच्या तोंडाशी लहर अडखळतच नाही. सरळ येवो, तिरकी येवो, लांब असो, आखूड असो!

आणि माहीत आहे? असा पदार्थ जगात कुठल्याच दुकानात मिळणार नाही! तो फक्त गणितात आहे. बेराँजे यांनी लहरीचे दोन तुकडे करून प्रत्येकाला वेगवेगळं दमवलं. खऱ्या वस्तूला हे कुठून जमणार? पण कॉम्प्युटरच्या पेटीत नियम आपणच करायचे असतात!

आणखी गंमत! त्या थराच्या मागे खरी कडक भिंत असतेच बरं का! लहर थरातून दमत दमत भिंतीपर्यंत जाते, आपटते, मागे फिरते. पण बाहेर पडायला पुन्हा त्याच थरातून यावं लागतं! एकदा जाताना दमायचं, एकदा येताना दमायचं. बाहेर येईपर्यंत तिच्यात जवळजवळ काहीच उरत नाही!

एवढा खटाटोप कशाला, पेटीच मोठी करायची, असं म्हणशील. करू हिशेब. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १०० घरांची पेटी. १०० × १०० × १०० म्हणजे १० लाख घरं. आता भिंती लांब जाव्यात म्हणून प्रत्येक बाजू दहापट कर. १,००० × १,००० × १,००० म्हणजे १०० कोटी घरं! आणि पीएमएल लावला तर? प्रत्येक बाजूला १० घरांचा थर पुरेसा होतो. पेटी झाली १२० × १२० × १२०. म्हणजे १७ लाख २८ हजार घरं. कुठे १०० कोटी आणि कुठे १७ लाख!

मग ही युक्ती सगळीकडे पोचली. मोबाईलचा अँटेना घडवताना तो आधी अशाच पेटीत तपासता येतो. विमानावरून रडारची लहर कशी विखुरते, हे बघता येतं. आणि हो, आपली टेंगळांची, ओली, वेडीवाकडी गारसुद्धा!

खऱ्या जगातही लहरी गिळणाऱ्या खोल्या आहेत. पुण्यात वाहनांची तपासणी करणारी एआरएआय नावाची संस्था आहे. गाडीतली विजेची यंत्रं नको त्या लहरी सोडतात का, हे तिथे अशा खोलीत तपासतात. या खोल्यांच्या भिंतींवर शेकडो टोकदार सुळके असतात. टोकाशी बारीक, मुळाशी जाड. आधी विरळ, मग दाट! ओळखीचं वाटतंय ना? लहर सुळक्यांमध्ये शिरते आणि त्यांच्यातच जिरते.

आता तुझी पाळी. वहीत सहाऐवजी दहा घरं घे आणि दोन्ही टोकांना कडक भिंत ठेव. उजवीकडे आपटून उलटा झालेला उणे १ डावीकडच्या भिंतीवर आपटला, की काय होऊन परत येईल? उत्तर कुणाला विचारू नकोस. पेन्सिल घे आणि ओळी काढत जा!